चुनेवाल्याच्या अंगणात ब्लूबेरी

९ जानेवारी

आणि वर म्हणे मी पळतो! गॅरेज मी सोडलं नाही, गॅरेजनं मला सोडलं. बेकरी सोडली हे खरं, पण भट्टीसमोर एक उन्हाळा काढून दाखवा म्हणावं, मग बोला. टाइल्सच्या दुकानात मालकाचा मेहुणा आला आणि माझं स्टूल गेलं. यात माझा काय दोष? दहा वेळा सांगून झालंय, पण आमच्या बापाचं, अण्णांचं पालुपद एकच, "याच्या हाताला काही चिकटत नाही. डिंकात बुडवला तरी हात कोरडा निघेल." परवा निघताना दारातसुद्धा तेच. वेडा म्हणाले, भिंगरी म्हणाले, सहा महिने एका जागी टिकलास तर मिशी उतरवून ठेवीन म्हणाले, डबा विसरू नकोस म्हणाले, सगळं एका दमात. ताई मधे पडली म्हणून बरं. मी मागे वळून न बघता बस पकडली.

डबा विसरलोच.

ही वही नर्सरीच्या मुकादमानं दिली. कुठल्या ओळीला कधी पाणी घातलं ते पुढून लिहायचं. मी मागून माझं लिहितोय. सातवीनंतर आजच पेन धरलं.

१९ जानेवारी

काम असं. प्लास्टिकचे लांबच लांब बोगदे, आत ओळीनं कुंड्या, कुंड्यांत ब्लूबेरीची झुडपं. लोक घरच्या बागेत लावायला घेऊन जातात. फळ जांभळाहून लहान, वाटाण्याहून मोठं, निळं, वर राख फुंकल्यासारखं. मी अजून फोटोतच पाहिलंय. आत्ता सगळ्या काड्याच आहेत.

पहिल्याच दिवशी नळाला पाइप लावला तर मुकादमानं येऊन नळच बंद केला. साठीचा माणूस, हातात कायम कात्री, बोलला की तीही टोचते. म्हणाला, "हे झाड आंबटशौकीन आहे. माती आंबट लागते, पाणी पावसाचं लागतं. नळाच्या पाण्यानं ते मरत नाही, नुसतं रुसतं, आणि रुसून रुसून मरतं."

मी म्हटलं, आमच्या घरी असाच एक माणूस आहे.

१२ फेब्रुवारी

आज दोन झाडं मिळाली! हंगाम संपत आला की न खपलेली तीन वर्षांची झाडं कामगारांना देतात. मी धावत जाऊन सगळ्यांत उंच होतं ते उचललं. मुकादम हसला. "उंची काय बघतोस? सोयरीक जुळवतोयस का? खाली बघ."

मग त्यानं शिकवलं. बुडातून निदान तीन-चार जाड काड्या निघालेल्या हव्यात. एकाच काडीवर उंच गेलेलं झाड म्हणजे वाऱ्याच्या तोंडचा घास. टोकाचे डोळे बघायचे. गुबगुबीत असतात ते फुलांचे, बारीक टोकदार असतात ते पानांचे, दोन्ही हवेत. कुंडी उपडी करून मुळं बघायची. रिळावर दोरा गुंडाळल्यासारखी असतील तर ठेवून द्यायचं. आणि दोन जाती घ्यायच्या. "एकटं झाड फुलतं, पण फळ बेताचं धरतं. त्याला शेजार लागतो."

मी एक उभ्या वाढीचं घेतलं, एक पसरट. कुणाच्या नजरेत भरणार नाहीत अशी बुटकी, पण बुडाशी भक्कम.

ही घरी पाठवणार. ही दोन झाडं आमच्या मागच्या अंगणात जगली की अण्णांचं तोंड बंद. मग म्हणू दे कुणाला म्हणायचंय ते, की याच्या हाताला काही चिकटत नाही.

१५ फेब्रुवारी

नर्सरीचा टेंपोवाला आमच्या गावावरून पुढे जातो. त्याच्याकडे खोकं दिलं. आंबट मातीची पिशवीही दिली. खोक्यावर जाड पेनानं लिहिलं: मोठ्या कुंडीत लावा, जमिनीत नको. सकाळचं ऊन हवं. नळाचं पाणी नको, पावसाळ्यात पत्र्यावरून पिंपांत धरून ठेवलेलं द्या. शेणखत नको, राख नको. वर वाळक्या पाल्याचं पांघरूण. जागा संपली म्हणून थांबलो.

टेंपोवाला म्हणाला, "एवढ्या सूचना सासरी जाणाऱ्या पोरीलासुद्धा देत नाहीत."

२१ फेब्रुवारी

ताईचा फोन आला, झाडं पोचली. ती शिलाईच्या कारखान्यातून येईपर्यंत अण्णांनी कुंड्या भरून लावूनही टाकली होती. "अर्धा तास नुसते काड्यांवरून हात फिरवत बसले होते रे," म्हणाली.

मी आमच्या बोगद्याचा फोटो पाठवला होता, ज्यात मी कात्री घेऊन उभा आहे. विचारलं, अण्णांना दाखवला का? हो म्हणाली. काय म्हणाले? "छान म्हणाले."

अण्णा आणि छान! चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना चुना देत आले, स्वतः दिलेल्या भिंतीलासुद्धा कधी छान म्हणाले नाहीत. ताई पदरचं सांगतेय काहीतरी. माझ्या फोटोकडे बघितलंसुद्धा नसेल त्यांनी.

१० मार्च

इकडे फुलं आली. उलट्या टांगलेल्या इवल्याशा घागरी, पांढऱ्या. घरच्या झाडांवरही आलीत म्हणे. मी नाचायच्या बेतात होतो, तेवढ्यात मुकादम म्हणाला, "खुडायला सांग. जागा बदललीय, पहिलं वर्ष मुळांना दे. आत्ता फळ घेशील तर झाड दमेल."

माझ्या जिवावर आलं. फळच तर दाखवायचं होतं. पण ऐकलं. ताईला सांगितलं, सगळी खुडा, एकही ठेवू नका. ती म्हणाली, अण्णाच करतात झाडांचं सगळं, मला हात लावू देत नाहीत.

१८ मार्च

ताईनं फोटो पाठवला. वरची फुलं खुडलीत, आणि खाली पानांच्या आड दोन्ही झाडांवर चांगले दोन-दोन घोस तसेच लोंबतायत. मी फोनवर म्हटलं, "एवढे घोस दिसू नयेत? डोळे आहेत की बटणं?"

ताई म्हणाली, "राहू दे ना तेवढे. मन लावून केलंय त्यांनी."

मन लावून म्हणे. माझं ऐकायचं नाही हे ठरवून केलंय. मी सांगितलं एकही ठेवू नका, म्हणून मुद्दाम चार ठेवले. मी ओळखत नाही का!

५ एप्रिल

कंटाळा आला. त्याच ओळी, तेच बोगदे, तोच मुकादम. काल मी झारी भरत होतो तर मागून येऊन म्हणाला, पाणी घालतोयस की उरकतोयस?

टेंपोवाल्याला क्लीनर हवाय. म्हणाला, "चल माझ्याबरोबर. रोज नवं गाव, नवा चहा." हा धंदा माझ्यासाठीच बनलाय. त्यात इथल्या गॅरेजवाल्याकडे एक जुनी मोटरसायकल आहे, लाल, तिच्यासाठी मी जानेवारीपासून बाजूला टाकतोय. गाडी झाली की सुटीला घरी जाता येईल आणि कुणाला न विचारता परतही येता येईल. ताईला सांगितलंय गाडीचं. टेंपोचं नाही सांगितलं.

पुढच्या फेरीला कळवतो म्हटलं त्याला.

११ एप्रिल

घरून पानाचा फोटो आला. पिवळं पान, शिरा तेवढ्या हिरव्या. दोन्ही झाडं तशीच.

मुकादमानं फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "आंबटपणा गेलाय मातीतला. नळाचं पाणी देतात." मी ताईवर चिडलो. तिनं शपथ घेतली, पिंपातलंच पाणी देतात, खत नाही, राख नाही. मुकादम म्हणाला, "मग मातीत काहीतरी जातंय. असंच चाललं तर जूनपर्यंत खराटा होईल."

टेंपोवाल्याला सांगितलं, या खेपेला नाही. झाडं पिवळी असताना मुकादमाला सोडून कसं चालेल? विचारायचं कुणाला मग?

२० एप्रिल

ताईला म्हटलं, नुसत्या पानाचा नको, आख्ख्या कुंडीचा फोटो पाठव. उद्या पाठवते म्हणाली. मग परवा. आज आला.

कुंड्या पांढऱ्याशुभ्र! बाहेरून चुना, काठाला चुना, भोवती जमिनीवर हातभर रुंद चुन्याचं कडं. काठावरून ओघळून मातीवरही पांढरी साय. ताई म्हणाली, दर रविवारी नवा हात देतात. पाणी घातलं की सगळा उतरतोय आत!

मला राहवलं नाही. अण्णांना फोनवर घ्यायला लावलं आणि म्हटलं, "तुम्ही मुद्दाम मारताय माझी झाडं. तुम्हाला बघवत नाही माझं काही चाललेलं."

पलीकडून नुसतं "बरं." आणि फोन परत ताईकडे.

एरवी माझ्या एका शब्दाला दहा ऐकवणारा माणूस.

२१ एप्रिल

मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "तू कळवलं होतंस, चुना नको म्हणून?"

"चुना झाडाला कोण घालतं?"

"चुनेवाला घालतो," म्हणाला, आणि कात्री चालवत पुढे गेला.

शेणखत लिहिलं, राख लिहिली, आणि चुनेवाल्याच्या घरी झाडं पाठवताना चुनाच लिहायचा राहिला. लोक फसवण्याला चुना लावणं म्हणतात. आमच्याकडे तो इमानाचा धंदा होता. लहानपणी मला गोवर झाला तेव्हासुद्धा अण्णांनी आधी खोलीला चुना दिला होता, मग डॉक्टरला बोलावलं. त्यांना दुसरं येतं काय?

पण मग विचारायचं तरी ना.

२५ एप्रिल

ताई सांगत होती, त्या दिवशी फोन ठेवल्यावर अण्णा जेवले नाहीत. सकाळी उठून विटेचा तुकडा घेऊन कुंड्या घासत बसले. नखांनी काठ खरवडले. अंगणातलं कडं पाणी मारून मारून झाडूनं काढलं. दुपारपर्यंत चाललं होतं.

मी म्हटलं, हो का.

मुकादमानं आंबट मातीची गोणी आणि चिमूटभर घालायला गंधकाची पूड दिली. जुनी माती झटकून नवी भरायला सांगितलंय. टेंपोवाल्यानं नेली. त्यानं क्लीनर दुसरा ठेवलाय. ठेवू दे.

९ मे

माती बदलून झाली. पण आता कुंड्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्यात! काठ्या रोवून त्यांवरही चिंध्या. ताईला विचारलं, हे काय? पाखरांसाठी असेल, म्हणाली. पाखरांसाठी? फळ अजून मिरीएवढं आणि हिरवं. मी म्हटलं, आमचे अण्णा म्हणजे लग्नाआधी बारशाची तयारी.

अण्णांच्या अंगठ्याचं नख निघालंय म्हणे. पाणी घालायला गेले आणि कुंडीला ठेचकाळले. स्वतःच्या अंगणात, भर दुपारी! "बघून चालायला काय होतं?" असं मी म्हटलं तर ताई फाडकन म्हणाली, "तू आधी तुझं बघ." आणि फोन ठेवला. तिला काय झालंय कुणास ठाऊक. कारखान्यात काम जास्त असेल.

३० मे

नवी पालवी, हिरवी! मुकादमानं फोटो बघून नुसती मान हलवली. त्याची मान हलणं म्हणजे मोठं बक्षीस.

खुडायचे राहिलेले ते चार घोस धरलेत. ठेवू देत, म्हणाला तो, झाड सावरलंय, चार घोसांनी काही बिघडत नाही.

आज अण्णा स्वतः फोनवर आले. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

"फळ पिकलं हे कळायचं कसं?"

"निळं झालं की."

"निळं झालं की लगेच?"

"नाही. देठापाशी लाल असतं आधी. तिथंही निळं व्हायला हवं, नाहीतर आंबट लागतं."

मग म्हणाले, "हाताला कसं कळतं?"

"हाताला कशाला? डोळ्यांनी बघायचं."

"तुझा मुकादम हातानं ओळखत असेल. विचार त्याला."

म्हातारा माझी परीक्षाच बघतो नेहमी. विचारलं. मुकादम म्हणाला, पिकलेलं फळ ओढावं लागत नाही. खालून अंगठा हलका फिरवला की आपसूक तळहातात येतं. जे येत नाही त्याला हात लावायचा नाही. ताईकडून निरोप दिला.

२२ जून

इकडे तोडणी जोरात. पहिल्यांदा खाल्लं. आधी काहीच लागलं नाही, मग गोड लागलं. मी रंग बघून तोडतो, तरी माझ्या टोपलीत लालसर देठाची सापडतातच. मुकादम ती वेचून माझ्या खिशात भरतो, शिक्षा म्हणून.

गॅरेजवाल्यानं लाल गाडी दुसऱ्याला दाखवायची नाही असं कबूल केलंय. आणखी एक पगार झाला की माझी.

१० जुलै

आज ताईनं व्हिडिओ पाठवला. अण्णांना न सांगता काढलाय. अण्णा पाटावर बसलेत, समोर उभं झाड. डावा तळहात घोसाखाली धरलाय, उजवा अंगठा फळांवरून फिरतोय. जे पिकलंय ते टपकन तळहातात. जे नाही त्याला सोडून अंगठा पुढे. सतरा फळं काढली. ताई म्हणते, एकसुद्धा आंबट निघालं नाही.

मुकादमाला दाखवला. त्यानं दोनदा बघितला. "वा! न बघता तोडतोय गडी. माझ्या हाताला हे यायला पंधरा वर्षं लागली." मला अशा गुदगुल्या झाल्या! माझा बाप तो, म्हटलं. बोगद्यातल्या सगळ्यांना दाखवला.

अण्णांनी मिशी काढलीय. चेहरा पार सोललेल्या बटाट्यासारखा दिसतोय. हसू आलं.

११ जुलै

व्हिडिओ परत बघितला. परत परत बघितला.

न बघता तोडतोय, म्हणाला मुकादम. खरंच बघत नाहीयेत. तोंड भिंतीकडे आहे. शेवटी ताई म्हणते, अण्णा, इकडे बघा, तर तिच्या आवाजाकडे वळतात, पण नजर तिच्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे जाते.

मी फोटो पाठवत राहिलो. छान म्हणाले.

घोस दिसले नाहीत, कारण दिसले नाहीत.

दुपारचं पाणी घालून झाल्यावर ताईला फोन केला. म्हटलं, किती दिसतं त्यांना?

ती आधी कशाबद्दल बोलतोयस म्हणाली. मग रडायलाच लागली. डाव्या डोळ्यानं काहीच नाही. उजव्यानं धूर भरल्यासारखं, त्यात पांढरी वस्तू तेवढी उठून दिसते. म्हणून कुंड्यांना चुना. तुझी झाडं पायाखाली येऊ नयेत म्हणून. चुना गेला तेव्हा चिंध्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"अण्णांनी शपथ घातली होती. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आहे, साधं ऑपरेशन आहे, पण लवकर करा. अण्णा म्हणतात, भिंगरी गाडी घेतोय, त्यात आपल्या खर्चाची लुडबुड नको. गाडी असली की येत-जात तरी राहील."

मी डोळे आहेत की बटणं म्हणालो होतो. तेव्हा फोन स्पीकरवर होता का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

मिशीचंही लक्षात आलं आता. आरशात दिसत नसणार, कात्रीनं वाकडी झाली असणार, म्हणून सगळीच काढली असणार. तसं ताईला म्हटलं, तर रडता रडता हसली. "आरसा नाही रे. परवा, नऊ तारखेला, मला वस्तरा आणायला लावला आणि माझ्याकडूनच काढून घेतली. का ते तूच आठव." काय आठवू? तिचं असंच, सरळ सांगणार नाही कधी.

१२ जुलै

सकाळी गॅरेजवाल्याला सांगून आलो, गाडी ज्याला हवी त्याला दे. तो म्हणाला, मन बदललं? मी म्हटलं, नाही, रस्ता बदलला. पाय आहेतच.

मग अण्णांना फोन. डोळ्यांचा विषय काढला तर सरळ फोन ताईकडे देतील, हे ठाऊक होतं. म्हणून म्हटलं, "अण्णा, फळ हाताला कळतं, मान्य. मुकादमानंसुद्धा तुमचा हात मानला. पण पान पिवळं पडलं तर हाताला कळतं का?"

अण्णा म्हणाले, "नाही कळत."

"पुढच्या वर्षी फुलं ठेवायचीत. दोन्ही झाडं भरतील. पान रोज कोण बघणार? ताई कारखान्यात असते. मी इथंच आहे, मला काही इथून दिसत नाही."

"इथंच राहणार आहेस?"

"मग जाणार कुठे? पुढच्या आठवड्यात रोपं बदलायची आहेत, मुकादम एकटा काय करणार?"

अण्णा हसले की खोकले, फोनवर कळलं नाही. म्हणाले, "झाडांसाठी म्हणतोयस ना?"

"झाडांसाठीच."

"मग बघू. ताईला म्हणावं डॉक्टरला विचारून ठेव." आणि मग, "डबा नेतोस ना रे रोज?"

जेवणाच्या सुटीत बँकेत जाऊन गाडीसाठी साठवलेले सगळे पैसे घरी पाठवून आलो. तिथल्या बाईनं कारण विचारलं. मी लिहायला सांगितलं, दोन ब्लूबेरीच्या झाडांसाठी. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, रक्कम बघितली, परत माझ्याकडे बघितलं. एवढे? दोन झाडांना?

हो म्हटलं. एकोणीस हजार सहाशे.